नाव घेणे आणि पत्ता देणे

आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या खिशातला आहे, म्हणून सुरुवात आमच्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी इथे नाशिकमध्ये आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. घरकाम करणाऱ्या एका बाईंचा. खाली त्यांचे नाव, मोबाइल नंबर, राहण्याची वस्ती, आणि ‘सोन्याची चेन चोरली आहे, सावध राहा’ अशी ओळ. आम्ही तो मजकूर आणखी दोन ग्रुपांवर पाठवला. आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवले, पण अंगठा काही थांबला नाही! आठवड्याभराने चेन त्याच घरात कपाटामागे सापडली. तोवर बाईंची तीन घरची कामे सुटली होती आणि अनोळखी माणसे त्यांना रात्री-अपरात्री फोन करत होती. ‘चेन सापडली’ हा निरोपही ग्रुपवर आला. तो मात्र कुणी पुढे पाठवला नाही. आम्हीही नाही.

नेटवरच्या भाषेत याला ‘डॉक्सिंग’ म्हणतात. ‘डॉक्युमेंट्स’चे झाले ‘डॉक्स’. १९९० च्या दशकात हॅकर मंडळी एकमेकांची खरी नावे आणि पत्ते उघड करून सूड उगवत, तिथून हा शब्द आला. एखाद्याचे नाव, नंबर, घर, नोकरीचे ठिकाण त्याच्या मर्जीविरुद्ध जगजाहीर करायचे आणि मग लोकांनी त्याच्यावर तुटून पडायचे, असा हा प्रकार. शब्द नवा आहे. प्रकार नवा आहे का? आम्हाला तसे वाटत नाही.

ऑक्टोबर १८९० मधले पुणे डोळ्यांसमोर आणा. पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत न्या. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. कुणी चहा घेतला, कुणी पेला नुसता हातात धरून ठेवला. हे सगळे घडवून आणणारे होते गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे यजमान. माणूस तिरकस. सुधारणेच्या गप्पा मारणाऱ्यांचे पितळ उघडे पाडायचे त्यांच्या मनात होते. त्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. झाले! मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले आणि पुण्यात ग्रामण्य पेटले.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गोपाळरावांनी खोटे काहीही छापले नव्हते. मंडळी तिथे गेली होती, चहा आला होता. म्हणजे ‘जे खरे ते सांगितले, आमचे काय चुकले?’ हा बचाव त्यांनाही करता आला असता. आजही प्रत्येक जण हाच बचाव करतो. पण माहिती खरी असली म्हणजे ती कुठेही नेण्याचा अधिकार मिळतो का? हेलन निसेनबॉम या अभ्यासक बाईंनी याचे चांगले उत्तर दिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक माहितीला तिचे घर असते. डॉक्टरला सांगितलेला आजार, दुकानदाराला दिलेला पत्ता, मालकिणीला दिलेला फोन नंबर, ही माहिती ज्या कारणासाठी आणि ज्या विश्वासाने दिली, त्या चौकटीत ती निर्धोक असते. तीच उचलून दुसऱ्या चौकटीत टाकली की तिचे हत्यार होते. आमच्या कॉलनीतल्या बाईंनी नंबर दिला होता तो ‘उद्या येणार नाही’ हे कळवता यावे म्हणून. तो शहरभर फिरवण्याचा परवाना त्यांनी कुणाला दिला नव्हता.

दुसरी गोष्ट. यादी एकच असली तरी तिचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. टिळक धर्मशास्त्र कोळून प्यायलेले. आपण काशीला प्रायश्चित्त घेतले आहे, असे त्यांनी चौकशीत मांडले. पण ज्यांच्या पाठीशी असे बळ नव्हते, त्यांचे काय? रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. ते स्वतःपेक्षा स्नेह्यांच्या घरची अडचण सुटावी म्हणून, हे रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. घरची अडचण हे शब्द महत्त्वाचे आहेत. चहा प्यायला कर्ता पुरुष, आणि झळ बसली आई-वडिलांना, बायकामुलांना.

हीच गोष्ट पालघरला दिसली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदवर एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली, पण जमावाने मोडतोड केली ती त्या मुलीच्या काकांच्या रुग्णालयाची. काकांनी एक अक्षरही लिहिले नव्हते. मताशी भांडता येते, कृतीवर टीका करता येते. पण भांडण घराच्या दारापर्यंत पोचले की मताला उत्तर देणे संपते आणि माणसाच्या शरीराला, पोटाला, लेकरांना धोका सुरू होतो. म्हणून आम्ही म्हणतो, नाव घेणे वेगळे आणि पत्ता देणे वेगळे.

यावर कुणी म्हणेल, ‘सर, मग लोकांनी दबाव आणायचाच नाही का?’ रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या नाशिकमध्येच आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तोही दबावच होता, आणि चांगला कित्येक वर्षे चाललेला. पण तो कसा होता ते पाहा. सत्याग्रह समितीचे सचिव दादासाहेब गायकवाड. समितीने मंदिराच्या विश्वस्तांना आधी रीतसर कळवले होते. मागणी स्पष्ट होती: दार उघडा. दबाव होता तो सार्वजनिक अधिकार हाती असलेल्यांवर, त्या अधिकाराच्या वापराबद्दल. आणि मुख्य म्हणजे दबाव आणणारे स्वतःच्या नावानिशी दारात उभे होते. रामनवमीला त्यांनी दगड खाल्ले. जिल्ह्यातल्या गावागावांत त्यांच्या लोकांची अडवणूक झाली, दुकानात जिन्नस मिळेनासे झाले. किंमत त्यांनी स्वतः मोजली. डॉक्सिंगमध्ये नेमके उलटे असते. दबाव आणणारा अंधारात, आणि ज्याच्यावर आणायचा त्याचे घर उजेडात.

आता ‘मी तर एकच मेसेज पाठवला’ या युक्तिवादाकडे येऊ. डेरेक पार्फिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ च्या आपल्या ग्रंथात एक कल्पित उदाहरण दिले आहे. हजार छळणारे आहेत आणि हजार कैदी. प्रत्येक जण एक बटण दाबतो, त्याने प्रत्येक कैद्याच्या वेदनेत इतकी बारीक भर पडते की ती जाणवतसुद्धा नाही. हजार बटणे दाबली गेली की वेदना असह्य होते. मग दोषी कोण? कुणीच नाही म्हणायचे का? पार्फिटचे उत्तर असे की आपली कृती एकटी मोजायची नसते, आपण सगळे मिळून काय करतो आहोत ते पाहायचे असते. फॉरवर्डचे बटण हे असेच बटण आहे.

ग्रामण्याबद्दल आणखी एक सांगायला हवे. ती रीत क्रूर होती, अन्याय्य होती. जात पंचायतींनी माणसांना वाळीत टाकण्याचे प्रकार तर आपल्या काळातही सुरू राहिले. त्याविरुद्ध नाशिकच्या कार्यकर्त्यांनी मोठे काम केले, आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण त्या जुन्या ग्रामण्याला निदान शेवट होता. आरोप करणारे समोर होते, प्रायश्चित्त ठरलेले होते, ते घेतले की दार उघडत असे. नेटवरच्या ग्रामण्याला प्रायश्चित्तच नाही. माफी मागितली तरी जुना फोटो फिरतच राहतो. शिक्षा किती आणि किती दिवस, हे ठरवायला कुणी बसलेलेच नाही.

एक अवघड उदाहरण टाळून चालणार नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतीय विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची एक यादी फेसबुकवर आली. त्यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप होते, आणि सुरुवातीला बहुतेक नावांपुढे तपशील नव्हता. स्त्रीवादी अभ्यासकांतही दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, तपशिलाशिवाय नावे जाहीर करणे न्यायाला धरून नाही. दुसरी म्हणाली, तक्रार समित्या दाद देत नाहीत, मग मुलींनी जायचे कुठे? आम्ही स्वतः प्राध्यापक, तेव्हा आमचे मत जरा जपूनच ऐका. पण आम्हाला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते. दुबळ्याने बलवानाच्या कृत्याबद्दल त्याचे नाव घेणे, हा डॉक्सिंगचा प्रकार नव्हे. सूड उगवला जाईल या भीतीने तक्रारदाराने स्वतःचे नाव झाकणे हेही समजण्यासारखे आहे. मात्र अशा वेळी कुणीतरी शहानिशा करून, स्वतःच्या नावाने त्या आरोपाची जबाबदारी घ्यायला हवी, आणि आरोपीला उत्तराची संधी हवी. त्याचे घर, फोन, मुलांची शाळा मात्र तिथेही वर्ज्य.

मग कसोट्या कोणत्या? चारच सांगतो. बोलतो आहोत ते सार्वजनिक कृतीबद्दल की खासगी ठावठिकाण्याबद्दल? आपण स्वतःचे नाव द्यायला तयार आहोत का? मागणी काय आहे, आणि ती पुरी झाली की आपण थांबणार का? आणि चूक निघाली, तर ती दुरुस्त करणारा निरोप तितक्याच लांब पोचवू का? चौथीत तर आम्ही सपशेल नापास झालो होतो.

पुढे उशिराने का होईना, त्या दोन्ही ग्रुपांवर आम्ही आमची चूक लिहिली, आणि बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “सर, तुम्ही पण पाठवलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. मला नंबर बदलावा लागला. जुन्या नंबरवर कामं यायची हो. आता सगळ्यांच्या फोनमधून माझा फोटो निघंल का?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. प्रश्न असतील तर जरूर विचारा.