घर विकायचंय? चुन्याआधी कागद बघा

कांदा मार्केटला न्यायचा म्हटलं की आपण दोन दिवस बसून निवड करतो. गावातलं घर विकायचं ठरलं की मात्र भिंतींना चुना मारला, अंगण सारवलं, की झाली तयारी असं समजतो. गिऱ्हाईक येतं, घर पसंत पडतं, इसार घेतला जातो आणि व्यवहार अडतो तो कागदावर. इसार तोवर खर्चून गेलेला असतो. मग परत कुठून द्यायचा?

तेव्हा सुरुवात कागदांपासून करा. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद करून घ्या. मात्र हा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. नुसत्या त्याच्यावर मालकी सिद्ध होत नाही. जुनं खरेदीखत, वाटणीपत्र शोधा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका घ्या आणि त्यावरचं नाव व क्षेत्र जागेवर ताडून पाहा.

बहिणीचा हिस्सा

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. 'तिचं काही म्हणणं नाही' असं धरून चालू नका. तिचा हिस्सा द्या. ती राजीखुशीने सोडत असेल तर हक्कसोडपत्र रीतसर नोंदवा. इसाराला हात लावण्याआधी सगळ्या वारसांना एकत्र बसवा.

मग डागडुजी

खर्च बेतानं करा. नव्या फरशीचा पैसा भावात वसूल होईलच असं नाही. फुटकी कौलं बदला, चौकटी-वाशांना वाळवी आहे का बघा, दारापुढचा उकिरडा हलवा. घरपट्टी, पाणीपट्टी, लाईटबिल भरून पावत्या एकत्र ठेवा. पाया खचला असेल तर गिलावा करून झाकू नका. न दिसणारा मोठा दोष घेणाऱ्याला सांगणं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

स्टॅम्पवर लिहून, नोटरी करून घर विकलं जात नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडेच नोंदवावं लागतं. ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक विनंती : वारस नोंदीचे अर्ज तुंबवू नका. त्या एका नोंदीवाचून गरजवंताला घर पडत्या भावात द्यावं लागतं.