दूरचा नेम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोलोरॅडो, वायोमिंग, आयडाहो या डोंगराळ मुलखांत एल्क नावाच्या थोराड हरणाच्या शिकारीचा परवाना रीतसर मिळतो. आणि चारशे-पाचशे वारांवरून, प्रसंगी त्याहूनही लांबून, रायफलने नेम साधण्याचा शौक तेथे अलीकडे इतका फैलावला आहे की, हत्यार व कौशल्य यांविषयीच्या काही रूढ समजुतींची छाननी करणे अगत्याचे ठरते.

गैरसमज: काडतूस जितके जबर, तितका नेम लांबचा.

वस्तुस्थिती: १९६३ साली बाजारात आलेले ३०० विंचेस्टर मॅग्नम निःसंशय सामर्थ्यवान आहे, परंतु त्याचा धक्का सोसवत नसेल, तर घोडा दाबण्यापूर्वीच नेमबाजाचे अंग आकसते आणि नेम ढळतो. २००७ साली आलेल्या ६.५ क्रीडमूरचा धक्का सौम्य असल्याने सराव मनसोक्त होतो. एल्कसाठी अधिक वजनदार गोळीचा कैवार घेणारे जाणकार पुष्कळ आहेत, आणि ते सकारणही आहे. मात्र जे हत्यार आपल्याला शांतपणे चालवता येत नाही, त्याचे सामर्थ्य आपल्या उपयोगाचे नाही.

गैरसमज: उत्तम रायफलची गोळी सरळ रेषेत जाते.

वस्तुस्थिती: नळीतून सुटताच गोळी गुरुत्वाकर्षणाच्या अमलाखाली येते. १०० वारांवर नेम जुळवलेल्या क्रीडमूरची गोळी ५०० वारांवर सुमारे साडेचार फूट, तर ६०० वारांवर सात फुटांहून अधिक खाली उतरते. म्हणजे अंतराचा अंदाज शंभर वारांनी चुकला, तर नेम अडीच फुटांहून अधिक चुकतो. म्हणून लेझर अंतरमापक ही चैन नसून गरज आहे.

गैरसमज: महागडी दुर्बीण घेतली की काम फत्ते.

वस्तुस्थिती: दुर्बिणीची खरी कसोटी ती वस्तू किती मोठी दाखवते यात नसून, तिची चकती फिरवून पुन्हा मूळ ठिकाणी आणली असता नेम जागेवर येतो की नाही, यात आहे, आणि वारा तर कोणतीच दुर्बीण मोजून देत नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५०० वारांवर गोळीला सुमारे सव्वा ते दीड फूट ढकलतो. एल्कचे मर्मस्थान जेमतेम फूटभर रुंदीचे. तेव्हा वाऱ्याच्या अंदाजात निम्मी चूक झाली, तरी जनावर केवळ जायबंदी होण्याचा संभव असतो. गवताची लव आणि उन्हात थरथरणारी हवा वाचण्याची विद्या विकत मिळत नाही.

गैरसमज: मैदानातील बाकावर साधलेला नेम डोंगरातही साधतो.

वस्तुस्थिती: चढणीने धाप लागलेली असताना, गुडघ्यावर वा दगडाच्या आधाराने झाडलेली पहिली गोळी हीच खरी परीक्षा होय. म्हणून बसून, गुडघे टेकून आणि पालथे पडून अशा सर्व स्थितींत सराव करावा, आणि घरी रिकाम्या बंदुकीचा घोडा दाबण्याची सवय, ती रिकामी असल्याची दोनदा खातरजमा करून, नित्य ठेवावी. शिवाय ५०० वार कापण्यास गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो, आणि तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकू शकते. त्यावर कोणताही सराव चालत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये शिकारीस मनाई असल्याने ही विद्या नेमबाजीच्या मैदानापुरतीच राहते, आणि तेथे कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवून तिचे चीज केलेच आहे. जेथे शिकारीस मुभा आहे, तेथे मात्र पल्ला रायफलने ठरवू नये: प्रतिकूल स्थितीतही पहिली गोळी मर्मस्थानी हटकून बसेल, तेच आपले अंतर, त्याहून जनावर दूर असेल, तर जवळ जावे, नाहीतर सोडून द्यावे.