झाड, वखार आणि परवाना

सरपण आता विकत घेतो कोण, असे आपण म्हणाल. गॅसच्या टाक्या घरोघर आल्या. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली, तेव्हापासून त्या खेड्यापाड्यांतल्या चुलीशेजारीही जाऊन बसल्या. पण एखाद्या लाकडाच्या वखारीवर सकाळी घटकाभर उभे राहून तर बघा. लग्नाच्या आचाऱ्याचा माणूस येतो. फरसाणाच्या भट्टीवाला येतो. अजून बंबातच पाणी तापवणारे एखादे आजोबा पिशवी घेऊन ढलप्या न्यायला येतात. टाकी महिनाअखेरीपर्यंत पुरावी म्हणून आंघोळीचे पाणी चुलीवर ठेवणारी बाई येते. आणि मधूनच चारदोन माणसे उतरल्या चेहऱ्याने येतात, ती भाव करीत नाहीत. एका दहनाला साधारण तीनशे किलो लाकूड लागते. ते वखारवाला न बोलता मोजून देतो.

तेव्हा धंदा संपलेला नाही. तो करणारी माणसे मुख्यतः दोन: एक झाड तोडणारा आणि दुसरा वखारवाला. आपला संबंध कधी ना कधी दोघांशीही येतो, आणि तो आला म्हणजे कायद्याशीही येतो. गंमत अशी की, त्या कायद्याविषयी आपल्याकडे दोन समजुती आहेत. निम्मे लोक म्हणतात, "माझ्या रानातलं झाड, मी कधीही तोडीन." उरलेले निम्मे म्हणतात, "छे हो, झाडाला हातच लावता येत नाही." दोन्ही म्हणणी चुकीची आहेत.

समजा, आपल्या बांधावर एक जांभळाचे झाड आहे. वठले आहे, पावसाळ्यात गोठ्यावर पडेल की काय अशी धास्ती आहे. एक दिवस कुऱ्हाडवाला येतो, झाडाभोवती फेरी मारतो, कुऱ्हाडीच्या तुंब्याने खोडावर दोनतीनदा ठोकून आवाज ऐकतो आणि म्हणतो, "दादा, झाड उभ्यानं देता का?" उभ्याने घेणे म्हणजे तोडण्याआधीच अंदाजाने किंमत ठरवून उक्ते घेणे. खोड आतून पोकळ निघाले तर नुकसान त्याचे, भरीव निघाले तर फायदा त्याचा. हा व्यवहार जुना आहे आणि त्यात गैर काहीच नाही. पण पैसे हातात घेण्यापूर्वी आपण एक प्रश्न विचारला पाहिजे: परवानगी कोण काढणार?

कारण जांभूळ हे यादीतले झाड आहे. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा १९६४ सालचा. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खाडीकाठची तिवरे ही नावे आहेत. यांपैकी झाड आपल्या मालकीच्या जमिनीत असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून तोडता येत नाही. यादी वाचली की लक्षात येते की, करणाऱ्यांनी ती नुसती इमारती लाकडाकडे बघून केलेली नाही. चिंच, मोह, हिरडा ही गरिबाच्या पोटाशी आणि बाजाराशी बांधलेली झाडे आहेत. एक आंबा तोडला तर सरपण एकदाच मिळते, आणि ठेवला तर लोणचे दरसाल मिळते, हा हिशेब घरातल्या बाईला कायद्याच्या आधीपासून ठाऊक आहे.

परवानगी म्हणजे अशक्य गोष्ट, असे मात्र समजू नका. झाड मेलेले असेल, रोगट असेल, वाऱ्याने पडलेले असेल, त्यापासून माणसाला वा मालमत्तेला धोका असेल, रहदारीला अडथळा होत असेल, तर परवानगी मिळण्याला कायद्यातच आधार आहे. आपले वठलेले जांभूळ त्यात बसते. अर्जाबरोबर सातबारा लागतो, आणि इथेच पहिली ठेच लागते. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असतात, एक पुण्यात, एक सुरतेत, आणि अर्ज करणारा गावात. त्यातून झाड बांधावरचे, म्हणजे शेजारीही आला. सगळ्या खातेदारांची संमती नसेल तर अर्ज अडतो. आणि संमतीवाचून झाड तोडले तर सरकारच्या आधी भाऊच तक्रार करतो. पुष्कळ प्रकरणे अशीच उघडकीला येतात! तोडलेल्याच्या जागी नवे झाड लावण्याची अटही परवानगीत असते. ती कागदावरच राहू नये, एवढे आपल्या हाती आहे.

आदिवासी खातेदाराच्या झाडांची गोष्ट याहून निराळी आहे. पूर्वी ठेकेदार डोंगरात जाऊन थोड्याशा पैशांत उभे सागवान घेत आणि शहरात त्याचे कितीतरी पट करीत. म्हणून १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला. अशा खातेदाराने आपली झाडे परस्पर कुणाला विकायची नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आणि सरकारी यंत्रणेमार्फत विक्री व्हायची. यात वेळ फार जातो ही तक्रार खरी आहे. पण "साहेब कशाला, मी रोख देतो" म्हणणाऱ्याच्या हातात झाड दिले, तर भाव तोच ठरवणार हेही तितकेच खरे.

बरे, परवानगी मिळाली, झाड उतरले, ओंडके पडले. आता गाडी भरायची. पण तोडण्याची परवानगी वेगळी आणि वाहून नेण्याची वेगळी. नवखा माणूस हमखास अडकतो तो या ठिकाणी. १९२७ सालच्या भारतीय वन अधिनियमाने लाकडाच्या वाहतुकीवर नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. महाराष्ट्रात २०१४ ची वन नियमावली आहे. ज्या जातींना वाहतूक परवाना लागतो त्यांच्या मालावर वनखात्याच्या हातोड्याची खूण होते, आणि पासावर माल किती, कोठून कोठे, कोणत्या वाहनाने, किती तारखेपर्यंत हे लिहिलेले असते. पास एका गाडीच्या नंबराचा आणि माल दुसऱ्या गाडीत, किंवा गाडी वाटेत बिघडली आणि मुदत टळली, म्हणजे माल चोख असूनही नाक्यावर गाडी उभी राहते.

उभी राहिली तर काय होते? त्याच अधिनियमाचे ६९ वे कलम सांगते की, वनोपज कुणाचा असा वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच धरावा. म्हणजे "हे लाकूड माझं आहे" हे सिद्ध करण्याचा भार आपल्या डोक्यावर. आणि गुन्ह्याचा संशय असेल तर नुसते लाकूडच नव्हे, गाडीही जप्त होऊ शकते. एका पिकअपवर घर चालवणाऱ्या माणसाची गाडी महिनोन्‌महिने आवारात उभी राहणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. बँकेचा हप्ता काही परवान्यासाठी थांबत नाही. म्हणून जाणते कुऱ्हाडवाले म्हणतात, "आधी कागद, मग कुऱ्हाड."

शेतात मुद्दाम लावल्या जाणाऱ्या काही जातींना, जसे निलगिरी, सुबाभूळ, वाहतुकीच्या परवान्यातून सूट आहे. कोणत्या जातींना, हे वनखात्याच्या कचेरीत विचारून घ्यावे. शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नये. बांबूचे उदाहरण मोठे बोलके आहे. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत, पण १९२७ च्या कायद्यात तो झाड होता! २०१७ साली दुरुस्ती होऊन तो त्या व्याख्येतून निघाला. नव्वद वर्षे लागली.

आता शहरात येऊ. नागरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा आहे. इथे जातींची यादी नाही. झाड म्हणजे झाड. वृक्ष प्राधिकरण असते, वृक्ष अधिकारी असतो, आणि तोडण्याच्या अर्जाची नोटीस त्या झाडावर लावली जाते, म्हणजे वस्तीतल्यांना हरकत घेता येते. 'तोडणे' या शब्दात झाडाला इजा करणेही कायद्याने धरले आहे. तेव्हा सोसायटीच्या चिटणिसांनी रविवारी दोन माणसे बोलावून "गाड्यांवर पानं पडतात" म्हणून गुलमोहराचा माथा उडवला, तर अडचणीत चिटणीसही येतात आणि ती दोन माणसेही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले, आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. चाळीस वर्षांचे झाड तर चाळीस रोपे. ती लावायला जागा कुठे, हा प्रश्न मात्र सोसायटीच्या सभेत बराच वेळ रंगतो.

माथा उडवण्याविषयी थोडे अधिक बोलायला हवे. झाड छाटणे ही कला आहे, आणि ती न शिकता करणाऱ्यांचाच भरणा जास्त. जड फांदी वरून एकदम कापली तर ती पडताना खोडाची साल सोलून खाली नेते. म्हणून जाणता माणूस तीन काप घेतो: खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट, मग त्याच्या थोडे पुढे वरून, म्हणजे फांदी निमूट सुटते, आणि शेवटी उरलेला खुंट खोडाजवळ. तोही अगदी खोडाला घासून नव्हे. फांदी जिथून निघते तिथे साल जरा फुगलेली, सुरकुतलेली असते, तिच्या बाहेरून कापावे. अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवले की, झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंती घालून कूज अडवते. ती फुगीर कड कापली की भिंत घालण्याची जागाच जाते. कापावर डांबर फासण्याची आपली पद्धतही त्याने उपयोगाची ठरत नाही. आणि माथा उडवलेल्या झाडाला जे भाराभर धुमारे फुटतात, ते वरवर चिकटलेले असतात. चारपाच वर्षांनी वादळात तेच गाड्यांवर पडतात.

झाडावर चढणाऱ्याच्या जिवाचे काय? दोर कमरेला असतो, पण पुष्कळदा तो चढण्यासाठी, पडू नये म्हणून नव्हे. खरा घातवार विजेची तार करते. ओली फांदी तारेला टेकली की वीज तिच्यातून उतरते. तार जवळ असेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कुणालाही वर चढवू नका, तो स्वतः "काही होत नाही" म्हणाला तरीही. कामावर इजा झाल्यास कामगाराला भरपाई मिळावी, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ सालापासून आहे. पण रोजाने आलेल्या माणसाचे नाव कुठे लिहिलेलेच नसते, मग हक्क कुणाजवळ मागायचा? निदान ठेकेदाराबरोबरच्या कागदावर विम्याची ओळ आहे का, एवढे तरी पाहावे.

वखारवाल्याची चिंता वेगळी. तिचे नाव पाणी. नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. शंभर किलो ओले लाकूड घेतले, तर त्यात खरे लाकूड पन्नास किलो. ते वाळून पाण्याचा अंश वीस टक्क्यांवर आला की त्याचे वजन उरते साडेबासष्ट किलो. समजा त्याने ते आठ रुपये किलोने घेतले. आठशे रुपये गेले. वाळल्यावर नुसता खर्च भरून निघायला त्याला बारा रुपये ऐंशी पैसे भाव लावावा लागतो, जागा, मजुरी आणि वाळवी वेगळीच. शेजारचा वखारवाला मात्र ओलेच लाकूड दहाने विकतो. गिऱ्हाईक कुठे जाणार?

पण गिऱ्हाइकानेही पेन्सिल घेऊन बसावे. दहा रुपयांच्या किलोभर ओल्या लाकडात खरे लाकूड अर्धा किलो, म्हणजे पडले वीस रुपये किलोने. चौदा रुपयांच्या वाळलेल्यात ते आठशे ग्रॅम, म्हणजे पडले साडेसतराने. शिवाय ओल्यातले अर्धा लिटर पाणी आधी आपल्याच आगीने वाफ होऊन जाणार, आणि घरभर धूर. मी एका श्रावणात स्वस्त म्हणून असे लाकूड आणले होते. बंब पेटायला तास गेला, आणि शेवटी जुन्या वर्तमानपत्रांवरच पाणी तापले.

वजनाचा कायदाही इथे येतो. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मण-खंडी जाऊन किलो-टन आले. जुने वखारवाले बोलताना अजून खंडी म्हणतात, पण मोजायचे किलोनेच. २००९ च्या वैधमापन कायद्याखाली वजने आणि तराजू दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून शिक्का घ्यावा लागतो. शिक्क्याची तारीख पाहण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. मात्र काटा अगदी खरा असला तरी तो पाणी आणि लाकूड वेगळे करून सांगत नाही! कुऱ्हाडीने फोडण्याऐवजी कापायला यंत्राची करवत बसवायचा विचार असेल, तर वनखात्याला आधी विचारावे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या गोदावर्मन खटल्यातील आदेशांपासून विनापरवाना आरागिरण्यांवर कडक नजर आहे.

मुंबईच्या वखारींपुढे तर निराळेच संकट उभे राहिले. जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या पावाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. दमेकऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच. पण भट्टीवाला हे वखारीचे बारमाही गिऱ्हाईक. ते गेले की उरतात लग्नसराई आणि स्मशान.

आपल्याला सरपण घ्यायचेच असेल तर चैत्र-वैशाखात घ्या. दोन फाटे एकमेकांवर आपटून बघा: वाळलेले असेल तर खणखणीत वाजते, ओले असेल तर थप्प आवाज येतो. टोकाला चिरा पडलेल्या असाव्यात, साल नखाने सुटावी. बाभूळ आणि चिंच निखारा धरतात. पांगारा आणि शेवगा फुकट मिळाला तरी घरी आणण्याची हमाली करू नये. रचताना खाली दोन विटा ठेवा, वरून झाका, बाजू उघड्या राहू द्या. आणि वखारवाला पावती देत असेल तर ती नको म्हणू नका. वाटेत कुणी विचारलेच, तर टेम्पोवाल्याच्या खिशात दाखवायला तेवढाच कागद असतो.