बीप वाजल्यानंतरची अठ्ठावीस सेकंदे

नेमबाजी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक निःशब्द दालन उभे राहते. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यामुळे आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझपदक पटकावणाऱ्या स्वप्नील कुसळेमुळे हा खेळ आपल्या परिचयाचा झाला. पण तो परिचय एका जागी खिळून उभ्या राहिलेल्या, श्वास आवरून धरलेल्या नेमबाजाचा आहे. दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात ६० नेम साधण्यासाठी ७५ मिनिटे मिळतात. म्हणजे एका नेमाला सव्वा मिनिट. याच कुळातला दुसरा एक खेळ मात्र असा आहे, की त्यात स्पर्धक धावतो, आडोशामागून डोकावतो, धावता धावता पिस्तुलात नवे मॅगझिन बसवतो आणि अठरा-वीस गोळ्या अर्ध्या मिनिटात झाडून मोकळा होतो. त्याला 'प्रॅक्टिकल शूटिंग' म्हणतात. अमेरिकेत ठिकठिकाणच्या क्लबांमध्ये शनिवार-रविवारी या स्पर्धा भरतात आणि त्यांत पहिल्यांदाच उतरणारा कोणी ना कोणी नवखा असतोच. त्याचा तो पहिला दिवस कसा जातो हे पाहिले, तर या खेळाची घडण नीट उलगडते.

खेळाचा उगम १९५० च्या दशकातल्या दक्षिण कॅलिफोर्नियातला. अमेरिकी मरीन दलात अधिकारी राहिलेले जेफ कूपर आणि त्यांचे सोबती बिग बेअर लेक येथे पिस्तूल झटपट उपसण्याच्या स्पर्धा भरवीत. त्या काळी मान होता तो हाताच्या चपळाईला. पिस्तूल उपसायचे आणि काउबॉय चित्रपटात दिसते तसे कमरेजवळूनच झाडायचे, अशी रीत होती. जॅक वीव्हर नावाच्या लॉस एंजलिस परगण्यातील डेप्युटी शेरीफने ती मोडली. त्याने पिस्तूल दोन्ही हातांत धरून डोळ्यांच्या रेषेत आणले, नेम पाहिला आणि मगच चाप ओढला. यात क्षणभर अधिक जाई, पण गोळी लागत असे. कमरेजवळून झाडणाऱ्यांच्या गोळ्या आधी सुटत आणि बहुधा हवेत जात. वीव्हर जिंकू लागला, तसे बाकीचेही दोन्ही हात वापरू लागले. पुढे १९७६ मध्ये मिसुरी राज्यातील कोलंबिया शहरात परिषद भरली, आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि कूपर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, ताकद आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द महासंघाने ब्रीद म्हणून घेतले. आज खेळात उतरणारा प्रत्येक नवखा वीव्हरच्या काळातली तीच चूक पुन्हा करतो, हा भाग पुढे येईलच.

नवख्याची परीक्षा पहिली गोळी झाडण्यापूर्वीच सुरू होते. स्पर्धेच्या मैदानावर कोणाचेही पिस्तूल भरलेले नसते. ते रिकाम्या स्थितीत होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत राहते आणि अधिकाऱ्याची आज्ञा झाल्याखेरीज त्याला हात लावायचा नसतो. पट्टा बांधायचा असेल, पिस्तूल पुसायचे असेल तर त्यासाठी एक राखीव जागा असते. तेथे पिस्तूल हाताळता येते, पण काडतुसाला मात्र स्पर्शही चालत नाही. नियम एवढा काटेकोर आहे, की वावरताना पिस्तूल होल्स्टरमधून निसटून खाली पडले, तर ते उचलायचेही नाही. तेथेच उभे राहून रेंज ऑफिसरला हाक मारायची. तो ते उचलतो, तपासतो आणि परत देतो. तेवढ्याने स्पर्धकाचे काहीही बिघडत नाही. ओशाळून झटकन वाकणे आणि पडलेली वस्तू उचलणे ही माणसाची स्वाभाविक प्रवृत्ती. येथे तसे करणारा त्याच क्षणी स्पर्धेतून बाद होतो, कारण घाईने उचललेल्या पिस्तुलाची नळी कोणाकडे वळेल याचा भरवसा नसतो.

भरलेले पिस्तूल हाती आल्यानंतरचे नियम याहून कडक आहेत. पळताना, मॅगझिन बदलताना बोट चापाच्या कडीबाहेर हवे. पिस्तूल हातातून पडले, गोळी नको तेव्हा सुटली, तर बाद. सर्वांत धाक असतो तो १८० अंशांच्या नियमाचा. समोर आणि दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध असतात. मागे पथकातली माणसे उभी असतात. स्पर्धकाच्या दोन्ही खांद्यांमधून समोरच्या बांधाला समांतर अशी एक रेषा कल्पायची. तो जिथे जाईल तिथे ती त्याच्याबरोबर सरकते. पिस्तुलाचे तोंड त्या रेषेच्या मागे कधीही यायला नको. ऐकताना हे सोपे वाटते. पण उजव्या हाताचा स्पर्धक उजवीकडून डावीकडे धावू लागला आणि धावतानाच मॅगझिन बदलू लागला, की काय होते पाहा. धावण्यासाठी शरीर डावीकडे वळलेले असते. मॅगझिन बसवताना पिस्तुलाचे तोंड आपसूक शरीराच्या डाव्या अंगाला झुकते. आणि आता डावे अंग म्हणजे मागची, माणसांची बाजू. नवखे बाद होतात ते बहुतेक या एका हालचालीत. येथे ताकीद नसते आणि कोणाला इजा झाली की नाही हेही विचारले जात नाही. दिवस संपतो, पिस्तूल पिशवीत जाते. म्हणूनच जुनी मंडळी नवख्याला सांगतात, की पहिल्या स्पर्धेत क्रमांकाचा विचार करायचाच नाही. बाद न होता घरी जायचे.

एवढे ऐकून नवखा आपल्या पथकाबरोबर पहिल्या टप्प्यापाशी येतो. प्रत्येक टप्प्याची मांडणी निराळी असते. लाकडी चौकटी, जाळीच्या भिंती, पिंपे यांच्या आड तपकिरी पुठ्ठ्याची लक्ष्ये लपलेली असतात. काहींपुढे पांढरे पुठ्ठे असतात, ते 'ओलिस'. त्यांना गोळी लागली तर गुण कापले जातात. काही लक्ष्ये पोलादाची, ती पाडावी लागतात. कुठे उभे राहायचे, कोणते लक्ष्य आधी घ्यायचे, हे कोणी सांगत नाही. ते प्रश्न स्पर्धकाने स्वतः सोडवायचे असतात. त्यासाठी सर्वांना रिकाम्या हाताने टप्पा फिरून पाहता येतो. हवेत बोट रोखून, ओठांतल्या ओठांत आकडे मोजत फिरणारी ती प्रौढ माणसे पाहून त्रयस्थाला हसू यावे. पण त्या पुटपुटण्यात सारा हिशेब असतो. मॅगझिन कुठे रिकामे होणार, ते कोणत्या पावलावर बदलायचे, कोपऱ्यामागचे लक्ष्य कोणत्या फटीतून दिसते, हे सगळे तोंडपाठ करावे लागते.

मग पुकारा होतो. 'मेक रेडी' म्हटल्यावर नवखा पिस्तूल भरून होल्स्टरमध्ये ठेवतो. 'आर यू रेडी?' आणि त्यानंतर 'स्टँड बाय'. यानंतर एक ते चार सेकंदांत, नेमके केव्हा ते ठाऊक नसताना, अधिकाऱ्याच्या हातातले यंत्र वाजते. हे यंत्र प्रत्येक गोळीचा आवाज टिपते आणि शेवटच्या गोळीची वेळ दाखवते.

बीप वाजते आणि पाठ केलेले सारे पुसले जाते. याला अपवाद क्वचितच. पहिली दोन लक्ष्ये ठीक जातात. मग पाय पुढे जातात आणि डोळे मागेच राहतात. पोलादी लक्ष्यावर दोन गोळ्या फुकट जातात, म्हणून मॅगझिन ठरल्या जागेच्या आधीच रिकामे होते. नवे बसवताना बोटांना सुचत नाही. कोपऱ्यामागचे लक्ष्य तर हमखास राहून जाते. न झाडलेल्या एका पुठ्ठ्याची किंमत मोठी असते. त्यावर मिळू शकणारे दहा गुण हुकतात, दोन चुकलेल्या गोळ्यांचे वीस कापले जातात आणि नेमच न धरल्याबद्दल आणखी दहा. शेवटी अधिकारी पिस्तूल रिकामे करवून घेतो आणि 'रेंज इज क्लिअर' पुकारतो. तेव्हा आपण नेमके काय केले हे नवख्याला आठवत नाही.

ते त्याला कळते गुणपत्रिकेवरून. प्रत्येक पुठ्ठ्यावरच्या उत्तम दोन गोळ्या धरल्या जातात. मधला 'ए' पट्टा साधारण १५ बाय २८ सेंटिमीटरचा; तेथे लागलेल्या गोळीला पाच गुण. त्याबाहेरच्या 'सी'ला तीन आणि कडेच्या 'डी'ला एक. पडलेल्या पोलादाचे पाच. चुकलेल्या गोळीला वजा दहा. भारी काडतुसे वापरणाऱ्यांना 'सी'चे चार व 'डी'चे दोन मिळतात. ब्रीदातल्या ताकदीचा मान तो एवढ्यापुरता. पण नवखा बहुधा ९ मिलीमीटरचे साधे पिस्तूल घेऊन येतो, त्याला हलकाच हिशेब लागू होतो. या सर्व गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे. येणारा भागाकार म्हणजे 'हिट फॅक्टर'. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्याला टप्प्याचे सगळे गुण; इतरांना त्या प्रमाणात.

उदाहरणच घेऊ. आठ पुठ्ठे आणि दोन पोलादी लक्ष्ये असलेला टप्पा ९० गुणांचा होतो. नवख्याने तो २८ सेकंदांत उरकला. दहा गोळ्या 'ए'मध्ये, चार 'सी'मध्ये, एक 'डी'मध्ये, एक चुकली आणि दोन्ही पोलादी लक्ष्ये पडली. गुण झाले ६३, भागाकार २.२५. आता तोच माणूस सावकाश, ३४ सेकंद घेऊन खेळला आणि चौदा गोळ्या 'ए'त, दोन 'सी'त लागल्या, तर गुण ८६ आणि भागाकार २.५३. सहा सेकंद अधिक घेऊनही तो पुढे गेला. याचा अर्थ सावकाश खेळणाराच जिंकतो असा नव्हे. एकही गुण न गमावता ४५ सेकंद लावले, तर भागाकार अवघा २ येतो. या खेळात अचूकतेचीही एक मर्यादा आहे आणि ती कोठे आहे हे प्रत्येकाने आपापल्या हातांवरून ठरवायचे आहे.

यातली एक मेख फारशी कोणी आधी सांगत नाही. चुकलेली गोळी मिळू शकणारे पाच गुण घालवते आणि वर दहा कापते. एकूण फटका पंधराचा. जो अडीचच्या भागाकाराने खेळतो, त्याला हे पंधरा गुण साधारण सहा सेकंदांना पडतात. सातच्या भागाकाराने खेळणाऱ्या मुरलेल्या स्पर्धकाला तीच चूक दोन सेकंदांहून थोडी अधिक महाग पडते. म्हणजे घाईची किंमत सर्वांत जास्त मोजतो तो संथ माणूस, आणि घाई करतो तोही तोच. बीप ऐकताच त्याला वाटते, की आपण पायांनी आणि बोटांनी मागे पडत आहोत. मुरलेला नेमबाज बोट फार झपाट्याने चालवतो असे नाही. त्याचे पिस्तूल पुढच्या जागी पोहोचण्याआधीच डोळ्यांसमोर आलेले असते आणि गोळी सुटताना पुढची माशी कुठे होती ते त्याने पाहिलेले असते. त्यामुळे गोळी कुठे लागली हे त्याला पुठ्ठ्यापाशी न जाता समजते आणि चुकलीच तर दुसरी तेथल्या तेथे झाडता येते. नवख्याला चूक कळते ती गुण मोजताना, तेव्हा इलाज उरलेला नसतो.

हा खेळ आत्मसंरक्षणाचे शिक्षण की निव्वळ क्रीडा, हा वाद जुना आहे. कूपर यांना स्पर्धेसाठीच बनवलेली महागडी पिस्तुले आणि नियमांतल्या पळवाटा पुढे फारशा रुचल्या नाहीत. दुसरीकडे महासंघाने माणसाच्या आकृतीची आठवण करून देणाऱ्या लक्ष्याखेरीज डोके नसलेले अष्टकोनी लक्ष्यही स्वीकारले. भारतात हा प्रश्न तूर्त पुस्तकीच आहे. ९ मिलीमीटरचे पिस्तूल आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि सर्वसाधारण परवान्यावर ते मिळत नाही.

क्लबच्या स्पर्धेत साधारण पाच-सहा टप्पे असतात. नवख्याने प्रत्यक्ष पिस्तूल चालवले तो सगळा वेळ जोडला, तर जेमतेम तीन मिनिटे भरतात. उरलेला दिवस दुसऱ्यांसाठी जातो. प्रत्येक स्पर्धकानंतर पथकातले सगळे पुढे होऊन पुठ्ठ्यांवरच्या भोकांना कागदी चिकटपट्ट्या लावतात, पोलाद पुन्हा उभे करतात, पुंगळ्या वेचतात. हे काम टाळणाऱ्याचे नाव लवकर सर्वतोमुखी होते. चिकटपट्टी लावण्यात नवख्याचा फायदाही असतो, कारण मुरलेल्या नेमबाजाच्या दोन गोळ्यांत किती अंतर पडले हे त्याला हातभर अंतरावरून पाहता येते.

संध्याकाळी निकाल लागतो. बाद न झालेला नवखा यादीच्या तळाशी असतो. पुढच्या स्पर्धेची तयारी करायला त्याला मैदानही लागत नाही आणि काडतुसेही. रिकामे पिस्तूल तपासून, पुन्हा तपासून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून भिंतीवरच्या कागदाच्या तुकड्यावर नेम धरायचा. होल्स्टरमधून उपसायचे, मॅगझिन बदलायचे आणि डावीकडे चार पावले चालताना नळीचे तोंड कुठे आहे ते पाहायचे. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात. पहिले काही दिवस हे सगळे घड्याळ न लावता करावे लागते.