कोण आलं होतं? आणि काय शोधत?

व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकलं की पुढच्या पंधरा मिनिटांत तुम्ही त्या डोळ्याच्या चिन्हाकडे किती वेळा बघता? खरं सांगा. कुणी पाहिलं, कुणी नाही, 'त्या' व्यक्तीने पाहूनही रिप्लाय का दिला नाही, ही चौकशी आपण रोज करतो. ऑर्कुटच्या जमान्यातली मंडळीही (घरातल्या एखाद्या काकाला किंवा मावशीला विचारा) आपल्या प्रोफाइलवर शेवटी कोण येऊन गेलं ते बघायची. लिंक्डइन आजही ते सांगतं. फुकट मात्र काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे रीड रिसीट बंद केले की तुमचं नाव दुसऱ्याच्या यादीत जात नाही, पण मग त्यांचीही नावं तुम्हाला दिसत नाहीत. बघायचं तर दिसावं लागेल, असा हा सरळ सौदा आहे.

स्वतःची वेबसाइट केलीत की हे उलटं होतं. तिथे कोण आलं ते कळत नाही. का आलं, याचे धागे मात्र मिळतात. आणि मला विचाराल, तर 'कोण'पेक्षा 'का' कितीतरी जास्त रंगतदार आहे.

माझी एक छोटी वेबसाइट आहे. सिनेमावरचे लेख, थोडे ट्रेकचे अनुभव, काही फोटो. तुमच्यापैकी अनेकांची असेल किंवा होऊ घातली असेल. प्लेसमेंटच्या आधी 'पोर्टफोलिओ साइट बनव' असं सीनियर सांगतातच, आणि गिटहब पेजेसवर ती फुकटात होतेही. साइट सुरू झाली की एक-दोन दिवस आपण काहीच करत नाही. मग हळूच आकडे बघायला लागतो. आणि आकडे बघून उडतोच! कुणालाही लिंक पाठवलेली नाही, तरी लोक आलेत? तेही अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या अ‍ॅशबर्नमधून?

थांबा, पेढे वाटू नका. अ‍ॅशबर्न हे डेटा सेंटर्सचं गाव आहे. तिथून आलेला 'पाहुणा' बहुधा माणूस नसतो, बॉट असतो. सर्व्हरच्या नोंदी उघडून पाहिल्यात तर आणखी मजा दिसेल. तुमची साइट वर्डप्रेसवर नसली, तरी कुणीतरी वर्डप्रेसच्या लॉगिनचं पान शोधत रात्रभर दार ठोठावत असतं. ते सापडलं नाही की निघून जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं. चोर सोसायटीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघतो, तसंच. हल्ली त्यात एआय कंपन्यांच्या बॉट्सची भर पडली आहे. म्हणजे तुमच्या लिखाणाचा पहिला मन लावून वाचणारा वाचक यंत्र असण्याचीच शक्यता जास्त.

हे सगळे गाळले की उरतात माणसं. ती कुठून आली, हे साइटला कसं कळतं? एखाद्या पानावरची लिंक दाबून तुम्ही दुसऱ्या पानावर जाता, तेव्हा ब्राउझर नव्या साइटला सांगतो, 'हे अमुक ठिकाणाहून आले बरं का.' या निरोपाला 'रेफरर' म्हणतात. गंमत म्हणजे १९९६ सालच्या एचटीटीपीच्या अधिकृत दस्तऐवजात या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंगच चुकलं, मधला एक 'आर' गळला. तोवर ते सगळीकडे वापरात आलेलं होतं, मग तसंच राहिलं. आज जगभरचे ब्राउझर तेच चुकीचं स्पेलिंग इमानेइतबारे पाठवतात. शुद्धलेखनात मार्क गेलेल्यांनी मनाला लावून घेऊ नये.

पण हा निरोपही आता अर्धाच पोचतो. २०२० मध्ये क्रोमने नियम घट्ट केला, दुसऱ्या साइटवर जाताना फक्त साइटचं नाव सांगायचं, आधीच्या पानाचा पूर्ण पत्ता नाही. आणि आपल्याकडचा खरा रस्ता तर त्यात दिसतच नाही. तो रस्ता म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. कुणीतरी तुमची लिंक कॉलेजच्या ग्रुपवर टाकली आणि तिथून चाळीस जण आले, तरी आकड्यांत ते सहसा 'डायरेक्ट' म्हणून दिसतात. म्हणजे चाळीस जणांनी पत्ता पाठ करून टाइप केला म्हणे! कुठल्या ग्रुपवर, कुणी, काय म्हणून लिंक टाकली, कौतुकाने की टर उडवायला, हे कधीच कळत नाही. या गोष्टीने मला आधी फार अस्वस्थ व्हायचं.

मग मी लक्ष सर्चकडे वळवलं. तिथे खजिना आहे.

गुगलचं सर्च कन्सोल नावाचं एक मोफत साधन आहे. साइट आपलीच आहे हे सिद्ध केलं की लोकांनी काय टाइप केल्यावर आपलं पान दिसलं, याची यादी ते देतं, मागच्या सोळा महिन्यांपर्यंतची. माझ्या साइटवर कर्जतजवळच्या पेठच्या किल्ल्यावर, म्हणजे कोथळीगडावर, एक लेख आहे. सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना, गुहेतले नक्षीदार खांब, सगळं रंगवून लिहिलेलं. लोक कशासाठी येतात? 'कर्जत आंबिवली एसटी'. बस्स. आंबिवली हे पायथ्याचं गाव. त्या एसटीबद्दल माझ्या लेखात जेमतेम दीड ओळ आहे आणि त्या दीड ओळीसाठी माणसं येतात. सिनेमावरच्या लेखांचंही तेच. मी दिग्दर्शकाच्या शैलीबद्दल लिहिते, लोक 'शेवटी तो मरतो का' विचारत येतात.

या यादीत मराठीची तऱ्हाही बघायला मिळते. आपण सगळे देवनागरीत टाइप करत नाही. 'कसे जायचे' हे रोमन लिपीत किती प्रकारांनी लिहिता येतं, ते मला इथे कळलं. मध्येच हिंदी, शेवटी इंग्रजी. आणि जवळजवळ प्रत्येक विषयाच्या शेपटीला 'माहिती मराठी' हे दोन शब्द. मला ते फार आवडतात. गुगलला दिलेली ती सूचना आहेच, पण मला ती विनंतीसारखी ऐकू येते: आमच्या भाषेत सांगा ना.

तरीही यादीत सगळं नसतं. मोजक्याच लोकांनी विचारलेले प्रश्न गुगल दाखवत नाही. पूर्वी दाखवलं जायचं. कोणता शब्द शोधत माणूस आला, हे साइटच्या मालकाला सरळ दिसायचं. २०११ मध्ये गुगलने लॉगिन केलेल्यांचे शोध झाकायला सुरुवात केली आणि २०१३ पर्यंत जवळपास सगळेच झाकले गेले. साइट चालवणाऱ्यांनी तेव्हा बरीच आदळआपट केली होती.

झाकणं का गरजेचं आहे, ते समजायला २००६ सालची एक गोष्ट पुरेशी आहे. ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकन कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांचे शोध जाहीर केले. नावं काढून फक्त क्रमांक ठेवले होते. कुणाला काय कळणार? पण न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी एकच क्रमांक घेतला, त्या क्रमांकाचे शोध ओळीने वाचले आणि काही दिवसांत ते एका वयस्क बाईंच्या घरी पोचले. शोध त्यांचेच होते. कंपनीने माफी मागितली, डेटा काढून टाकला, पण तोवर त्याच्या प्रती सगळीकडे पसरल्या होत्या.

आता तुमचे मागच्या तीन महिन्यांतले सर्च डोळ्यांसमोर आणा. रात्री दोनला केलेले. आईला, मित्राला, डॉक्टरलाही न विचारलेले. ते ओळीने लावून कुणी वाचत बसलं तर?

म्हणून माझी उत्सुकता मी एका उंबरठ्यावर थांबवते. प्रश्न बघायचा, माणूस नाही. काही टूल्स तर येणाऱ्याचा माउस कुठे फिरला, कुठे रेंगाळला, याचं रेकॉर्डिंगच दाखवतात, तेही फुकटात. पोर्टफोलिओवर हे बसवायचा मोह तुम्हालाही होईल. एचआरने माझा प्रोजेक्ट किती सेकंद पाहिला? माझ्या मते हे घरी आलेल्या पाहुण्यामागे खोलीखोलीतून फिरण्यासारखं आहे. कंपनीने लिंक उघडली की नाही एवढंच हवं असेल, तर प्रत्येक कंपनीला पाठवताना पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन वेगळी खूण जोडा. पान तेच उघडतं, नोंदीत खूण दिसते. तेवढं पुरे. (आणि उघडली नसेल, तर दर तासाला बघितल्याने ती उघडत नाही.)

दुसरा मोह जास्त चिवट आहे. एसटीसाठी लोक येतात ना, मग सगळ्या एसटींची पानं करून टाकू! 'शेवटी तो मरतो का' हेच लेखाचं शीर्षक ठेवू! असं करून गर्दी वाढवलेल्या साइट्स तुम्ही रोज बघता. रेसिपीच्या आधी बटाट्याचा इतिहास सांगणाऱ्या. त्यांना प्रश्न माहीत असतो आणि मुद्दाम उत्तर उशिरा देतात. त्यात भर म्हणजे २०२४पासून गुगल अनेक प्रश्नांची एआयने जुळवलेली उत्तरं वरच्या वर देतं. एसटीची वेळ वरच कळली, तर माणूस खाली कशाला येईल? कन्सोलमध्ये पान किती वेळा दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं, असे दोन वेगळे आकडे असतात. त्या दोहोंतल्या फटीकडे बघत राहिलं तर लिहायची इच्छाच मरते. मी महिन्यातून एकदाच बघते.

त्यापेक्षा साइटवर स्वतःचा सर्चबॉक्स ठेवा. हा माझा सगळ्यात आवडता धागा. तिथे टाइप केलेले शब्द नावाशिवाय, मोकळे, माझ्याकडे येतात. पेठच्या लेखावर आलेल्या कुणीतरी एकदा तिथे एकच शब्द टाइप केला होता: 'टॉयलेट'.

कोण होती ती, माहीत नाही. मुलगीच असेल असंही नाही, पण मी 'ती'च धरून चालले आहे. पहिल्यांदा ट्रेकला निघाली असेल, ग्रुपमध्ये विचारायची लाज वाटली असेल. त्या शब्दानंतर माझ्या प्रत्येक किल्ल्याच्या पानावर, खांबांच्या आणि जिन्याच्या वर, चार गोष्टी ठळक अक्षरांत असतात: जायची एसटी, पाणी, टॉयलेट आणि परतीची शेवटची लोकल. मग खाली माझं रंगवलेलं वर्णन. ज्याला वाचायचं तो वाचतो.

गेल्या महिन्यात त्याच बॉक्समध्ये 'एकटीने' असा शब्द आला. त्या पानाचं काम सध्या चालू आहे. दोन मैत्रिणींना विचारलंय, तिसरीची वाट बघतेय.