बाबासाहेब भंडाऱ्यात हरले, त्याच महिन्यात अमेरिकेतले कृष्णवर्णीय एक खटला जिंकले. या दोन निकालांमागे एक जुनं पत्र आहे

भंडारा जिल्हा म्हटलं की तलाव आणि धानाची शेती डोळ्यांपुढे येते. किल्ले बघत फिरणाऱ्यांना तुमसर तालुक्यातला आंबागड आठवतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, १७०० च्या आसपास बांधलेला हा किल्ला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तो कैदी ठेवायला वापरला.

पण या जिल्ह्याच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे आणि ती थेट अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यापर्यंत पोचते.

महाराष्ट्र आणि आफ्रिकी वंशाचे लोक हा विषय निघाला की आपण मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यावर थांबतो. त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत मराठी माणसांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी जे नातं जोडलं, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

मे १९५४, भंडारा

१९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईतून पराभूत झाले होते. दोन वर्षांनी भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली आणि ते शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे उभे राहिले.

तेव्हा काही मतदारसंघांतून दोन खासदार निवडून जायचे, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक राखीव जागेवर. भंडारा त्यातलाच. प्रत्येक मतदाराला दोन मतं असायची, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता उभे होते आणि राखीव जागेवर बाबासाहेब.

कार्यकर्त्यांनी हिशोब मांडला. आपल्या लोकांनी एकच मत द्यावं, ते बाबासाहेबांना, आणि दुसरं वाया घालवावं, म्हणजे विजय सोपा होईल. बाबासाहेबांनी याला नकार दिला, असं त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगून ठेवलंय. ज्यानं घटना लिहिली त्यानंच लोकांना मत वाया घालवायला सांगायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं.

मेहता निवडून आले. बाबासाहेब मात्र काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे ८ हजार मतांनी हरले.

त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये

१७ मे १९५४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्याचा निकाल दिला. गोऱ्या आणि काळ्या मुलांना वेगवेगळ्या सरकारी शाळांत बसवणं घटनाबाह्य आहे, असं न्यायालयानं एकमतानं सांगितलं.

हा खटला लढवला थरगूड मार्शल आणि त्यांच्या सहकारी वकिलांनी. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या 'एनएएसीपी' या संघटनेचं हे काम. तिच्या संस्थापकांपैकी एक होते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस. हार्वर्ड विद्यापीठातून पीएचडी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन.

भंडाऱ्यात हरलेल्या उमेदवारानं आठ वर्षांपूर्वी याच ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. मात्र या नात्याची सुरुवात त्याहून बरीच आधी, पुण्यात झाली होती.

आधी जोतीराव

अमेरिकेत १८६१ ते १८६५ असं यादवी युद्ध झालं आणि त्यानंतर गुलामगिरी कायद्यानं संपली. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांचं पुस्तक आलं. त्याचं नावच 'गुलामगिरी'.

हे पुस्तक जोतीरावांनी अर्पण केलं ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची इच्छा.

तेव्हा पुण्यातून अमेरिकेला जाणं म्हणजे जहाजाचा लांबलचक प्रवास. तरीही शूद्र-अतिशूद्रांचं दुःख सांगताना जोतीरावांना तुलना सापडली ती तिथल्या मळ्यांवर राबणाऱ्या माणसांशी.

हार्लेमच्या शेजारी शिकलेला विद्यार्थी

१९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम आहे. दक्षिणेतल्या छळाला कंटाळून उत्तरेकडे येणारी कृष्णवर्णीय कुटुंबं त्याच काळात तिथं वस्ती करत होती.

पुढे आपल्या लेखनात बाबासाहेब गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करत राहिले. त्यांचा एक मुद्दा आजही अस्वस्थ करतो. गुलाम ही मालकाची मालमत्ता होती, त्यामुळे त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ तरी होता. अस्पृश्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती. शिवाय गुलामगिरी उघड दिसते, तर अस्पृश्यता आडून बांधून ठेवते. त्यामुळे आपण बांधलेले आहोत हे माणसाला लवकर कळतही नाही.

इकडे अमेरिकेतून ड्युबॉइसही भारताकडे बघत होते. १९२८ मधल्या त्यांच्या 'डार्क प्रिन्सेस' या कादंबरीची नायिका चक्क एक भारतीय राजकन्या आहे.

१९४६: पत्रात काय होतं?

जुलै १९४६. इंग्रज जाणार हे ठरलं होतं, घटना समितीची निवड सुरू होती. त्या वर्षीच्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनचा दारुण पराभव झाला होता. स्वतंत्र भारतात अस्पृश्यांचं काय होणार, हा प्रश्न बाबासाहेबांपुढे होता.

तेवढ्यात बातमी आली की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी आपलं गाऱ्हाणं थेट संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलंय. 'नॅशनल निग्रो काँग्रेस' या संघटनेनं जूनमध्ये तसा अर्ज दिला होता.

बाबासाहेबांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. आशय थोडक्यात असा: आपली भेट झालेली नाही, पण मी तुम्हाला नावानं ओळखतो. मी निग्रोंच्या प्रश्नाचा विद्यार्थी आहे. तुमची आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास नुसता स्वाभाविकच नाही, तर गरजेचा आहे. आम्हीही संयुक्त राष्ट्रांकडे जायचा विचार करतोय, तर त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती पाठवाल का?

३१ जुलैला ड्युबॉइस यांनी उत्तर दिलं. तुमचं नाव आणि काम मी ऐकून आहे, अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे आणि लागेल ती मदत करायला आनंद वाटेल, असं त्यांनी कळवलं.

पत्रव्यवहार एवढाच, पानभराचा. ड्युबॉइस यांच्या कागदपत्रांबरोबर तो आज अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जपून ठेवलेला आहे.

अमेरिकेत रद्द झालेला कायदा, भारतात उपयोगी पडला

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी फेडरेशनच्या वतीनं घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केलं. सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करणाऱ्याला शिक्षा व्हावी, अशी तरतूद त्यात होती. ती कुठून घेतली हेही त्यांनी सांगून टाकलं: अमेरिकेत निग्रोंच्या संरक्षणासाठी झालेल्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवरून.

यातल्या १८७५ च्या कायद्याचं नशीब वाईट होतं. खाणावळी, वाहनं, नाटकगृहं सगळ्यांना सारखीच खुली असतील, असं तो सांगत होता. पण १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या आणि पुढची ८० वर्षं 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या लटकत राहिल्या.

आता आपल्या घटनेचं कलम १५ बघा. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते इथं धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही, असं ते सांगतं. वळण त्या जुन्या अमेरिकन कायद्याचंच, पण 'विहिरी आणि तलाव' हे शब्द आपल्या मातीतले. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर काय घडलं होतं, हे वाचणाऱ्याला लगेच आठवतं.

आपली घटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली. अमेरिकेत खाणावळी आणि हॉटेलांतला भेदभाव देशभर बेकायदा ठरवणारा कायदा आला तो १९६४ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी.

मग आले पँथर

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, पण धागा तुटला नाही. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात कृष्णवर्णीयांच्या साहित्याबद्दल सांगू लागले. त्याच परिसरातून, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक उभं राहिलं.

१९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी 'ब्लॅक पँथर पार्टी' काढली. सहा वर्षांनी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'दलित पँथर' उभी केली. १९७२ हे वर्ष महाराष्ट्रात दलितांवरच्या अत्याचारांनी गाजत होतं. गावागावांत बहिष्कार सुरू होते. नुसत्या निवेदनांनी काही होत नाही, हे पोरांना कळून चुकलं होतं.

नाव उसनं घेतलं, ते उघडपणे सांगून. संघटनेच्या जाहीरनाम्यातच ब्लॅक पँथरचा उल्लेख आहे.

आज हे आठवायचं कशासाठी?

जात आणि वर्ण एकच नव्हेत. जात कातडीवरून ओळखू येत नाही. ती आडनावावरून, गावातल्या वस्तीवरून, लग्नाच्या बैठकीवरून कळते. फुले-आंबेडकरांना हा फरक माहीत होता, म्हणूनच त्यांनी नुसती हळहळ व्यक्त न करता अभ्यास केला.

दुसरं म्हणजे ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले. केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले एक अस्पृश्य' अशी करून दिली. आधी ते चपापले, त्यांना रागही आला. पण आपल्या लोकांची अवस्था आठवल्यावर हा शब्द आपल्यालाही लागू होतो हे त्यांनी मान्य केलं. पुढे १९६५ मध्ये एका प्रवचनात हा प्रसंग त्यांनी स्वतः सांगितला.

मे १९५४ मध्ये भंडाऱ्यातली मतपेटी बाबासाहेबांच्या विरोधात गेली. त्याच महिन्यात ड्युबॉइस यांनी घडवलेल्या संघटनेनं वॉशिंग्टनमध्ये खटला जिंकला. ड्युबॉइस मात्र तोवर संघटनेतून बाहेर पडले होते आणि सरकारनं त्यांचा पासपोर्टही अडवून ठेवला होता. म्हणजे त्या महिन्यात एक जण हरला आणि दुसऱ्याला स्वतःच्या विजयातही जागा नव्हती. पण दोघांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं ते पुढे जात राहिलं.

बाबासाहेब गेल्यावर सात वर्षांनी, १९६३ मध्ये, ड्युबॉइस आफ्रिकेतल्या घाना देशात वारले. त्या दोघांची प्रत्यक्ष भेट झाल्याची नोंद नाही. भेटीची जागा त्या पानभर पत्रानं भरून काढली.

पुढच्या वेळी आंबागड बघायला तुमसरकडे गेलात, तर वाटेत भंडाऱ्यात थांबा आणि तिथल्या जुन्या माणसांना १९५४ च्या निवडणुकीबद्दल नक्की विचारा.