आकाशांतील पाहुणे : एक तिथीचा, एक अतिथि

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांतील अड्याळ हें गांव सुमारें २१ उत्तर अक्षांशावर वसलेलें आहे. जानेवारीच्या मध्यास रात्रीं दहाच्या सुमारास तेथें अंगणांत उभें राहून सरळ डोक्यावर दृष्टि लावावी. वृषभ राशीच्या शिंगाच्या टोंकाजवळची जागा जवळजवळ माथ्यावर येते. नुसत्या डोळ्यांना तेथें विशेष कांहीं दिसत नाहीं. परंतु इ. स. १०५४ च्या जुलै महिन्यांत याच जागीं एक तारा असा पेटला कीं, चीन देशांतील ज्योतिष्यांनीं तो २३ दिवस भर उन्हांत पाहिला. त्यांनीं त्याला 'पाहुणा तारा' म्हटलें.

आपल्याकडील 'अतिथि' हा शब्द त्याहून नेमका. ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो अतिथि, अशी त्याची फोड पूर्वापार सांगतात. ठराविक काळानें परतणारा धूमकेतु हा तिथि कळवून येणारा पाहुणा होय. आणि अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन एकाएकीं कोट्यवधि सूर्यांइतका झळकणारा तारा, हा खरा अतिथि. दोघांनाही वेळेवर गांठणें कठीण. अडचण मात्र निरनिराळी.

१८१२ सालीं मार्सेय येथें पाँस या फ्रेंच निरीक्षकास एक धूमकेतु सांपडला. एन्के या जर्मन गणितज्ञानें त्याचा फेरा सुमारें ७१ वर्षांचा ठरविला. १८८३ सालीं ब्रुक्स या अमेरिकन निरीक्षकास तो अवचित आढळला, आणि १९५४ सालीं तो पुन्हा येऊन गेला. असा हा कागदोपत्रीं पक्का पाहुणा. तरी तो प्रत्यक्ष दिसेपर्यंत गणिताची परीक्षा पुरी होत नाहीं. गुरु आणि शनि त्याला वाटेंत ओढतात, त्याचा हिशेब मांडतां येतो. पण सूर्याच्या उष्णतेनें त्याच्या गर्भांतील बर्फाची वाफ होऊन झोत सुटतात, आणि बंदुकीनें मागें धक्का द्यावा तसा प्रत्येक झोत त्याला किंचित् ढकलतो. शिवाय पाहुणा वाटेंतच संपण्याचा संभव असतो. बीला याचा धूमकेतु १८४६ सालीं दुभंगलेला दिसला, १८५२ नंतर तो दिसलाच नाहीं, आणि १८७२ सालीं त्याच्या वाटेवरून पृथ्वी जातांना उल्कांचा पाऊस तेवढा पडला.

पाँस-ब्रुक्स धूमकेतु मात्र १० जून २०२० रोजीं अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानांत ४.३ मीटर व्यासाच्या लॉवेल दुर्बिणीला सांपडला. त्या वेळीं तो शनीच्या कक्षेपलीकडे होता, आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून सुमारें साठ लक्ष पटींनीं मंद होता. एकाच जागेचीं छायाचित्रें थोड्या थोड्या वेळानें घ्यावयाचीं. तारे जागच्या जागीं राहतात आणि एक ठिपका सरकतो, ही त्याची ओळख. पुढें २१ एप्रिल २०२४ रोजीं तो सूर्याच्या सर्वांत जवळ आला. त्या सुमारास लहानशा दुर्बिणींतून, सायंकाळीं पश्चिम क्षितिजाजवळ, तो विदर्भांतूनही पाहण्याजोगा होता.

अतिथीचें तसें नाहीं. त्याचें ठिकाण ठाऊक नाहीं, वेळ ठाऊक नाहीं. तेथें उपाय एकच : साऱ्या आकाशाची वरचेवर हजेरी घेणें. या कामीं महाराष्ट्रांत जन्मलेल्या एका माणसाचें नांव अग्रभागीं आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील कुरुंदवाड येथें १९५६ सालीं जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांनीं कॅलिफोर्नियांतील पालोमार पर्वतावरच्या ४८ इंची दुर्बिणीला याच कामास जुंपलें. नवें छायाचित्र घ्यावयाचें, त्यांतून जुनें वजा करावयाचें. जें उरेल तें नवें. सांगावयास सोपें, पण रोज उरणाऱ्या असंख्य ठिपक्यांतून खरा तारा निवडणें माणसाच्या आवांक्याबाहेरचें. म्हणून तें गणकयंत्रांकडे सोंपविलें.

२४ ऑगस्ट २०११ रोजीं या उद्योगाला मोठें फळ आलें. सप्तर्षींच्या शेपटीजवळ, सुमारें दोन कोटि प्रकाशवर्षें दूर असलेल्या एका दीर्घिकेंत अतिनवतारा आढळला, तोही त्याचा प्रकाश प्रथम उमटल्यापासून साधारण अकरा तासांच्या आंत. घाई एवढ्यासाठींच असते. पहिल्या तासांच्या प्रकाशांत फुटलेला तारा केवढा होता याची खूण असते, आणि ती पुन्हां मिळत नाहीं. हा तारा श्वेत बटु, म्हणजे सूर्याएवढें वस्तुमान पृथ्वीएवढ्या गोळ्यांत दाबून भरलेला, असावा असें त्यावरून ठरलें. विश्वांतील दूरदूरचीं अंतरें मोजण्याचा गज याच जातीच्या अतिनवताऱ्यांचा असल्यामुळें ही माहिती अमोल होय.

२०१८ पासून त्याच दुर्बिणीवर नवा कॅमेरा आहे. एका चित्रांत तो पूर्ण चंद्राच्या दोनशेंहून अधिक पट आकाश घेतो. २०२४ अखेर त्याच्या साह्यानें दहा हजारांवर अतिनवताऱ्यांची जात ठरविण्यांत आली. कॅलिफोर्नियांत दिवस उजाडला कीं पाहुण्याकडे कोणी पाहावयाचें, ही अडचणही सुटली आहे : लडाखांतील हानले येथें मुंबईच्या आय्. आय्. टी.ची व बंगळूरच्या भारतीय खभौतिकी संस्थेची ७० सेंटिमीटरांची स्वयंचलित दुर्बीण त्या वेळीं रात्र जागते.

इतकें असून १६०४ नंतर आपल्या आकाशगंगेंत नुसत्या डोळ्यांनीं पाहिलेल्या अतिनवताऱ्याची नोंद नाहीं. १९८७ सालीं शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेंत झालेला स्फोट डोळ्यांना दिसला, पण तो इतका दक्षिणेस होता कीं अड्याळच्या क्षितिजाशीं जेमतेम टेकला. तेथून दिसणें अशक्यच. मृगांतील काक्षी हा तांबडा तारा एके दिवशीं फुटावयाचा आहे. उद्यां कीं लक्ष वर्षांनीं, हें कोणी सांगूं शकत नाहीं. हॅलेचा धूमकेतु मात्र डिसेंबर २०२३ मध्यें आपल्या कक्षेच्या दूरच्या टोंकाहून माघारी वळला आहे. जुलै २०६१ मध्यें तो सूर्यापाशीं येईल.